कव्हरवरचा कान

४ जानेवारी
मिळालं! गायनमंडळाच्या त्रैमासिकाची सूत्रं अखेर माझ्या हाती. जुने संपादक डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त करून सुटले. अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, सर, तुमच्याशिवाय दुसरं नावच पुढे आलं नाही. ही म्हणते, तुमचंही आलं नव्हतं. सभेत सगळे खाली बघत होते, तेवढ्यात मी दारातून आत शिरलो. असो. इतिहास घडतो तो असाच.

उभा जन्म पोरांना कविता शिकवण्यात गेला. वर्गात शिरल्यावर आधी चाल लावून म्हणायचो, अर्थ नंतर. अजून कधी दुपारी डोळा लागला की बाकांवरून पन्नास कोवळे आवाज एकदम उठतात. त्या मुलांपैकी आज कुणी डॉक्टर असेल, कुणी वकील. संपादक मात्र मीच झालो.

संकल्प: हे त्रैमासिक पुन्हा पूर्वीसारखं दिसणार नाही.

६ जानेवारी, रात्र
मंडळाची एक जुनी रीत आहे. दर अंकाच्या कव्हरवर मंडळातला एक गायक. कोण, ते फक्त संपादकाला ठाऊक. प्रकाशनाच्या दिवशी अध्यक्ष स्टेजवर गठ्ठा सोडतात, कव्हर बघतात आणि नाव पुकारतात. मग तो माणूस वर जातो. टाळ्या, पुष्पगुच्छ, चार शब्द. बस.

या वेळी कव्हरवर ही. माझी बायको म्हणून नव्हे. मंडळ सुरू झाल्यापासून ती मागच्या रांगेत उभी राहून खालचा स्वर धरते. तो ऐकू येत नाही. पण एकदा तिला ताप होता तेव्हा पुढची रांग अशी काही भरकटली की तबलजीने हात आवरले. आता गुडघे तिला उभं राहू देत नाहीत. हा अंक निघाला की मंडळ सोडते म्हणाली. हे अजून बाहेर कुणाला ठाऊक नाही.

मेहुणीला कुठून तरी वास लागलाच. फोनवर म्हणाली, भाऊजी, ताई जन्मभर दुसऱ्यांच्या खांद्याआडून गायली, एकदा तरी तिचं तोंड चांगलं ताटाएवढं छापा, आणि खाली नाव घाला, लांबून वाचता येईल असं. मेहुणीची आवड जरा भडकच आहे.

हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, बघा बुवा. यापलीकडे काही नाही. तिला या गोष्टींचं अप्रूप नाही हे एक बरं. संध्याकाळी कपाटातून निळा पोशाख काढून इस्त्रीला दिलेला दिसला. हवा बदलतेय म्हणून असेल.

९ जानेवारी
दोघी बहिणी फोटो स्टुडिओत जाऊन आल्या. मेहुणीने स्वतःच्या कानातले मोती हिला घालायला लावले. फोटो छान आलाय. ही चक्क हसतेय. फोटोवाला काय बोलला कोण जाणे. मी विचारलं तर दोघी एकमेकींकडे बघून पुन्हा हसल्या.

११ जानेवारी
अंकाची मांडणी कॉम्प्युटरवर सूनबाई करणार. ती जाहिरातीच्या ऑफिसात हेच काम करते. हात तिचे, दृष्टी माझी.

आज तिने मला नियम समजावले. अंकाचं नाव वरच असावं, कारण स्टँडवर मासिकाचा वरचा भागच दिसतो. कव्हरवर चेहरा हवा, आणि त्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघायला हवं. चेहऱ्याशेजारी दोनचार ठळक ओळी, आत काय आहे त्याच्या. मग अनुक्रमणिका. मुलाखतीत प्रश्न जाड टाइपात, उत्तरं साध्या. फोटोखाली ओळ. पानांना आकडे. म्हणाली, बाबा, आधी हे सगळं नीट पाळून बघू, मग कुठे काय मोडायचं ते कळेल.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आता काय काय मोडायचं ते तयारच आहे.

१५ जानेवारी, दुपार
मुलाखत घेतली. स्वयंपाकघरात, कारण ती बाहेर येईना. तालेवार कलावंताला शोभावं म्हणून मी तिला ‘तुम्ही’ म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

प्रश्न लिहायला मला तीन रात्री लागल्या होत्या. एकेक प्रश्न म्हणजे गद्यातली मंदाक्रांता. नमुना:

मी: तुमच्या वडिलांनी घरात गाण्याला बंदी केली, तेव्हा ऐन हिवाळ्यात पहाटे गच्चीवर जाऊन, तोंडावर शाल धरून, आवाज खाली उतरू नये म्हणून तुम्ही खालच्या स्वरात रियाज केलात, आणि पुढे जन्मभर तोच स्वर तुमचा झाला, त्या पहाटेचं स्मरण कसं होतं?
ती: थंडी होती.
मी: आपला मुलगा गोवराने फणफणलेला असताना त्याला मांडीवर घेऊन तुम्ही तालमीला बसलात आणि तो त्या स्वरातच झोपी गेला, हे खरं काय?
ती: हो.
मी: पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या घेतल्या त्या तुमच्या स्वराच्या आधारावर. त्या आधाराला तुम्ही वेलीखालच्या मांडवाची उपमा द्याल काय?
ती: असेल.
मी: आणि या सुरेल प्रवासात आपल्या पतीचा वाटा...
ती: दूध उतू जाईल.

अशी दीड तास चालली. तिचं बोलणं कमी पडलं, पण माझ्यामुळे मुलाखत भरीव झाली.

१९ जानेवारी
पहाटे उजाडलं! (दोन्ही अर्थांनी नव्हे, फक्त डोक्यात.)

मुलाखतीत प्रश्न छापायचे ही रूढी आहे. का छापायचे? फुलाला कुणी विचारतं का? प्रश्न काढून टाकले. सगळे. माझे स्वतःचे! कलेला बळी लागतो. आता पानभर फक्त उत्तरं, एकाखाली एक, ऐसपैस समास सोडून:

थंडी होती.
हो.
असेल.
दूध उतू जाईल.

काय आहे हे! मोठमोठ्या कवींना साधलं नसतं. मोठ्याने म्हणून पाहिलं, चाल लावून. सूनबाई म्हणाली, बाबा, आईंबद्दलची सगळी माहिती तर तुमच्या प्रश्नांत होती, ते काढले तर उरलं काय? मी म्हणालो, काव्य. ती पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. पटलं असावं.

२२ जानेवारी
कव्हर. दिवसभर कव्हर.

सूनबाईने हिचा फोटो पूर्ण पानभर लावून आणला. निळा पोशाख, हसरं तोंड, डोळे थेट आपल्याकडे. वर अंकाचं नाव, खाली हिचं. ठीक. नेटकं. न्हाव्याच्या दुकानात पडलेल्या कुठल्याही मासिकासारखं. मी म्हणालो, अर्धाच चेहरा घे. अर्धा घेतला. बरा वाटला, पण रूढीचा अर्धा भाग शिल्लक होताच.

२३ जानेवारी
अर्ध्या चेहऱ्यातलं तोंडही काढलं. गाण्याच्या मासिकावर गाणाऱ्याचं तोंड! पुनरुक्तीदोष. नववीच्या पोरांचे गुण मी यासाठी कापायचो.

२४ जानेवारी
डोळाही काढला. त्याच्यात लक्ष गुंतत होतं.

उरला कान. कान! संगीत जिथे पोचतं ते दार. आजवर जगात कुणी गायिकेचा कान कव्हरवर घेतला असेल? पानभर कान, बाजूला अंधार. कानातले मोतीही पुसायला लावले. दागिना म्हणजे रूढी. सूनबाई म्हणाली, बाबा, आता हा कान कुणाचाही वाटतोय. मी आनंदाने टेबलावर मूठ आपटली. हेच तर!

हिचं नाव अर्थातच काढलं. कानाला नाव नसतं.

२५ जानेवारी
सूनबाईने शेवटचा प्रयत्न केला. म्हणाली, निदान अध्यक्षांना कळायला तरी नाव हवं, त्यांना स्टेजवर पुकारायचंय. मी म्हणालो, ज्याला स्वर ओळखता येतो त्याला कान ओळखता येणार नाही? अध्यक्ष इतकी वर्षं तिचं गाणं ऐकतायत. शिवाय मी समोरच बसलेला असणार.

अंकाचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात नेलं. पानांचे आकडे गाळले. गाणं ऐकताना कुणी मात्रा मोजतं का? (तबलजी मोजतो, सूनबाई म्हणाली. तो अपवाद.) अनुक्रमणिका रद्द.

मात्र सगळंच मोडून चालत नाही. रूढी वापरावीही लागते, हा समतोल फार थोड्यांना कळतो. संपादकीयाशेजारी संपादकाचा फोटो असण्याची प्रथा चांगली आहे. वाचकाला विश्वास वाटतो. माझा निवृत्तीच्या वेळचा फोटो दिला, खाली पूर्ण नाव, पदव्यांसकट. शेवटच्या पानावर ‘मांडणी व संकल्पना’ म्हणून पुन्हा एकदा, जाड टाइपात. सूनबाईने विचारलं, तिचं नाव कुठे घालू? म्हटलं, घरचीच माणसं आपण.

२९ जानेवारी
प्रेसवाल्याचा फोन. कव्हर उलटं तर नाही ना लागलं, विचारत होता. अंकाचं नाव खाली दिसल्यामुळे त्याने ते आपणहून फिरवलं होतं. पुन्हा सरळ करून घेतलं. तो म्हणाला, सर, हे जर्दाळू आहे का? ही माणसं आयुष्यभर कागदात राहून कोरडी ती कोरडीच.

३१ जानेवारी
ही सरप्राइज जपतेय. प्रूफ बघायला मागत नाही. फक्त आज जेवताना, पाणी ओतता ओतता विचारलं, तोंड नीट आलंय का हो? फार सुरकुत्या नाही ना दिसत?

मी गूढ हसलो. म्हणालो, तोंडाच्या पलीकडचं आलंय. सुरकुती एकही नाही.

खूश झाली. भांडी आवरताना गुणगुणत होती. खालच्या स्वरात.

२ फेब्रुवारी
मेहुणीला सर्दी झालीय, उद्या प्रकाशनाला येणार नाही. फोनवर नाक ओढत म्हणाली, भाऊजी, ताई स्टेजवर जाताना तिचा हात धरा, पायऱ्या उंच आहेत. हिने माझा चष्माही पुसून ठेवलाय, नीट दिसावं म्हणून.

३ फेब्रुवारी, रात्र
सविस्तर लिहायला हवं, पण कुठून सुरुवात करू ते सुचत नाही.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. आम्ही तिसऱ्या रांगेत. निळा पोशाख, मोती. ही कडेच्या खुर्चीवर बसली, म्हणजे उठायला सोपं. सूनबाई तिच्या शेजारी, मग मी.

अध्यक्षांनी गठ्ठा सोडला. अंक हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. चष्मा वर केला. आत उघडून नाव शोधू लागले. अनुक्रमणिका नाही, आकडे नाहीत. मधेच माझा फोटो लागला तेव्हा थोडे थांबले. मग मुलाखतीवर आले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, ओळखलं! त्यांनी माइकवर वाचलं: थंडी होती. हो. असेल. दूध उतू जाईल, असं म्हणून ते थांबले. कुणीतरी वाहवा म्हणालं. खरंच म्हणालं.

अध्यक्ष म्हणाले, इतकं थोडक्यात इतकं मोठं आपल्यात एकच व्यक्ती बोलू शकते. आणि त्यांनी तारसप्तक बाईंना वर बोलावलं.

(हे नाव मी ठेवलेलं. पुढच्या रांगेत मधोमध उभ्या राहतात. बोलतातही वरच्याच पट्टीत, आणि थोडक्यात कधीच नाही.)

बाई दचकल्या, पण वर गेल्या. त्यांनी कव्हर निरखून पाहिलं, हा शंख आहे ना, विचारलं, आणि म्हणाल्या की मुलाखत कधी दिली ते नीटसं आठवत नाही, पण शब्दन् शब्द आपलाच आहे. मग दूध उतू जाण्याचा अर्थ समजावून सांगितला. कलावंताच्या मनात भावना तापत असते, झाकण ठेवून चालत नाही, वगैरे. बराच वेळ. पुष्पगुच्छ मोठा होता.

मी उठणार होतो. हे नोंदवून ठेवतो. गुडघ्यांवर हातही ठेवले. पण लगेच वाटलं, उठून सांगायचं तर काय, की हा कान अमुकीचा? मग सगळी संकल्पनाच कोसळली असती. तेवढ्यात अध्यक्षांनी संपादकांसाठी टाळ्या मागितल्या आणि मला अर्धवट उठलेला पाहून लोकांना वाटलं, मी अभिवादन करतोय. म्हणून केलं.

सूनबाई उभी राहू लागली होती. हिने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मांडीवरच्या अंकाकडे बघत तिने स्वतःचा कान एकदा चाचपला.

परतताना मी म्हणालो, कविता सगळ्यांची झाली, कवीला याहून मोठा मान नाही. ती म्हणाली, पायाखाली बघा, खड्डा आहे.

४ फेब्रुवारी
ही बोलत नाहीये. पण ती एरवीही फार बोलत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मोती एका डबीत घालून मेहुणीकडे परत पाठवले.

५ फेब्रुवारी
मेहुणी आली. सर्दीसकट. दारातूनच सुरू झाली. भाऊजी, अख्ख्या अंकात एकच तोंड आणि तेही तुमचं? तिला समजावलं की संपादकाचा फोटो ही रूढी आहे आणि मी ती जाणीवपूर्वक वापरली. म्हणाली, आणि ताईला जाणीवपूर्वक पुसलीत होय? शाळेत पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढायचात, त्या ओढून ओढून सवय लागलीय तुम्हाला, माणसंसुद्धा खोडता.

मी म्हणालो, तुला कवितेतलं कळत नाही. ती म्हणाली, नाही कळत, पण ताईने त्या फोटोसाठी आठवडाभर आरशासमोर हसून बघितलं होतं, हे मला कळतं. तुम्हाला माहीत होतं का ते?

माहीत नव्हतं. निळ्या पोशाखाची इस्त्री मला हवेमुळे वाटली होती.

रात्री कापलेले प्रश्न काढून वाचले. चांगले आहेत. गच्ची, शाल, गोवर. यात माझं असं फारसं काही नाही. सगळं तिनेच कधीकधी सांगितलेलं, मी फक्त विशेषणं लावली होती.

७ फेब्रुवारी
दोन दिवस विचार करून हिला सॉरी म्हणायचं ठरवलं. चार ओळींचं काहीतरी लिहावं, वृत्तात. दुसऱ्या ओळीत अडलो. तोवर ही सूनबाईबरोबर बाहेर निघून गेली होती. कुठे, ते सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी
प्रेसवर गेल्या होत्या! प्रेसवाल्याचाच फोन आला. म्हणाला, सर, वहिनींनी स्टिकर छापून घेतलेत, मागे गोंद असलेले. पूर्ण फोटो, ताटाएवढा. आणि एक जादा पान. आणि म्हणाला, आता मात्र कव्हर कळतं हो.

परगावच्या सभासदांना जायचे अंक अजून आपल्याच घरी आहेत, पत्ते घालायचे राहिलेत म्हणून. त्यांचं काय चाललंय ते कळलं.

९ फेब्रुवारी
संध्याकाळी अध्यक्ष येऊन गेले. सूनबाईने त्यांना सगळं सांगितलंय. हिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. म्हणाले, वहिनी, तुमचा स्वर मी कुठेही ओळखला असता, पण कान... ही म्हणाली, बसा, चहा टाकते. मग त्यांनीच सांगितलं की पुढच्या तालमीला तिला सगळ्यांसमोर स्टेजवर बोलवणार, रीतीप्रमाणे, नाव घेऊन. ती म्हणाली, येईन, पण मग मंडळ सोडेन. आणि खुर्ची ठेवा, उभं राहवत नाही. खुर्ची ठेवली तर सोडायचं कशाला, असं अध्यक्ष म्हणाले. ती चहा आणायला आत गेली. चहात साखर जास्त पडली होती.

तारसप्तक बाईंनाही कळवलंय म्हणे. त्या म्हणाल्या, मुलाखत दुसऱ्या कुणाची असेल तर असो, पण अर्थ मीच लावला.

पुढच्या अंकाबद्दल अध्यक्ष म्हणाले, सर, तुमचं पत्त्यांचं अक्षर फार सुरेख आहे, आता तेवढंच सांभाळा.

१० फेब्रुवारी
सकाळपासून जेवणाच्या टेबलावर अंकांचे ढीग. सूनबाई जादा पान घालते. त्यावर प्रश्न आहेत, जाड टाइपात, खाली उत्तरं साध्या. ही स्टिकर सोलून माझ्या हातात देते. मी कानावर चेहरा चिकटवतो.

पहिले काही वाकडे गेले. ही म्हणाली, अहो, वर घ्या जरा, हनुवटी कापतेय. वर घेतलं. म्हणाली, आता सरळ. बोटाने कडा दाबा, नाहीतर पोस्टात निघेल. दाबल्या.

मी सहज विचारलं, त्या दिवशी फोटोवाला काय बोलला होता? ती म्हणाली, काही नाही. सूनबाई गालातल्या गालात हसली, म्हणजे तिलाही ठाऊक आहे.

दुपारनंतर हात बसला. एकामागून एक, निळा पोशाख, हसरं तोंड, डोळे थेट आपल्याकडे. एका अंकावर मी फोटो मुद्दाम थोडा डावीकडे लावला, उजवीकडे जरा मोकळी जागा राहावी, नजरेला विसावा मिळावा म्हणून. तिने तो माझ्या हातातून घेतला, कोपऱ्यात नख घालून न फाडता सोलून काढला आणि मधोमध लावला.

मग पुढचा स्टिकर माझ्या हातात दिला.